गार्सिया द ओर्ता : निजामशाहीचा फिरंगी हकीम, ज्याची हाडंही कबरीतून काढून जाळली गेली

शिरवळजवळून नीरा वाहते. तिच्या काठावर सुभानमंगळ गढी होती, आता तिच्या जेमतेम खुणा उरल्या आहेत. महामार्गावरून पुणे-सातारा ये-जा करताना आपल्याला सहसा आठवत नाही, पण पाचशे वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख दख्खनच्या सुलतानांचा होता. नीरेच्या या पट्ट्यात अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या हद्दी एकमेकींना भिडत. कधी एकाचा अंमल, कधी दुसऱ्याचा.

त्या काळी निजामशाहीच्या दरबारात इराण, तुर्कस्तान आणि अरबस्तानातले नामवंत हकीम होते. त्यांच्यात अधूनमधून एक फिरंगीही यायचा. गोव्यात राहणारा पोर्तुगीज तबीब. सुलतान बुरहान निजामशाह त्याच्यावर खूश होता. दोघं तासन्तास औषधांवर बोलत. हा माणूस रविवारी चर्चमध्ये दिसायचा, पोर्तुगालच्या राजाचा एकनिष्ठ प्रजाजन म्हणून वावरायचा, पण त्याच्या मनात एक गोष्ट दडलेली होती. तो जन्माने यहुदी घराण्यातला होता, आणि ही गोष्ट जीव मुठीत धरून आयुष्यभर लपवावी लागेल अशा काळात जन्मला होता.

त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. वनस्पती आणि औषधांच्या इतिहासात त्याचं नाव जगभर आदराने घेतलं जातं. मुंबई बेट एकेकाळी त्याच्याकडे पट्ट्याने होतं. पण त्याच्या आयुष्याची खरी कहाणी समजायला युरोपपासून सुरुवात करावी लागते.

युरोपातले यहुदी आणि ख्रिस्ती

मध्ययुगीन युरोपात यहुदी आणि ख्रिस्ती शेजारी म्हणून राहत. व्यापार एकत्र चाले, यहुदी वैद्य राजेरजवाड्यांवर आणि पाद्र्यांवरही उपचार करत. रोमच्या पोपनी बाराव्या शतकात यहुद्यांना संरक्षण देणारा फतवाही काढला होता. त्यात त्यांचा जबरदस्तीने बाप्तिस्मा करू नये असं बजावलं होतं. कागदावर हे सगळं ठीक होतं.

प्रत्यक्षात मात्र वेगळंच घडत गेलं. १०९६ मध्ये पहिल्या क्रुसेडला निघालेल्या टोळ्यांनी जेरुसलेमला पोहोचण्याआधीच जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या यहुदी वस्त्या कापून काढल्या. १२१५ मध्ये चर्चच्या मोठ्या परिषदेने यहुदी आणि मुसलमान ओळखू यावेत म्हणून त्यांनी वेगळा पेहराव करावा असा नियम केला. १२९० मध्ये इंग्लंडने यहुद्यांना हाकललं. फ्रान्सने १३०६ मध्ये आणि पुन्हा १३९४ मध्ये हेच केलं.

स्पेनची गोष्ट थोडी वेगळी होती. तिथे अनेक शतकं मुस्लिम राज्य होतं. कॉर्डोबाचे खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांच्या दरबारात हसदाई इब्न शप्रूत नावाचे यहुदी वैद्य मोठ्या हुद्द्यावर होते. हा काळ आपण अभिमानाने सांगतो. पण सांगताना पूर्ण सांगायला हवं. बाराव्या शतकात अल-मुवाहिदून घराण्याच्या सत्तेत यहुदी आणि ख्रिश्चनांवर सक्ती झाली, आणि थोर यहुदी विद्वान मूसा बिन मैमून यांच्या कुटुंबाला कॉर्डोबा सोडावं लागलं. पुढे हेच मूसा बिन मैमून मिसरमध्ये सुलतान सलाहुद्दीन अय्युबींच्या दरबाराचे तबीब झाले. म्हणजे जुलूमही मुस्लिम सत्तेत झाला आणि आसराही मुस्लिम सत्तेतच मिळाला. इतिहास असाच असतो, एका रंगात रंगवता येत नाही.

मुस्लिम सत्ता मागे हटत गेली तशी स्पेनमधली हवा बदलली. १३९१ मध्ये सेव्हिलपासून दंगली सुरू झाल्या. हजारो यहुदी मारले गेले आणि त्याहून जास्त लोकांनी जीव वाचवण्यासाठी बाप्तिस्मा घेतला. आता एक नवाच प्रश्न उभा राहिला. हे जे नवे ख्रिस्ती झाले, ते मनापासून झाले की नाही? १४४९ मध्ये टोलेडो शहरात तर असा नियम झाला की ज्यांच्या रक्तात यहुदी अंश आहे त्यांना सरकारी पदं मिळणार नाहीत, मग ते कितीही चांगले ख्रिस्ती असोत. धर्म बदलला तरी डाग पुसला जाणार नाही, असा त्याचा अर्थ.

१४८० नंतर स्पेनमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय कामाला लागलं. घरात शनिवारी चूल पेटते की नाही, डुकराचं मांस खाल्लं जातं की नाही, शुक्रवारी संध्याकाळी स्वच्छ कपडे घातले जातात का, याच्या चुगल्यांवर माणसं तुरुंगात जाऊ लागली. जानेवारी १४९२ मध्ये ग्रॅनडा पडलं आणि स्पेनमधली शेवटची मुस्लिम सत्ता संपली. त्यानंतर तीनच महिन्यांत, ३१ मार्चला, स्पेनमधल्या सगळ्या यहुद्यांना देश सोडण्याचा हुकूम निघाला.

सरहद्द ओलांडलेलं कुटुंब

हुकूम निघाला तेव्हा हजारो यहुदी समुद्रमार्गे उस्मानी सल्तनतीकडे गेले. सुलतान बायजीद दुसरे यांनी त्यांना इस्तंबूल, सलोनिका अशा शहरांत वसू दिलं. ज्यांना एवढा लांबचा प्रवास जमला नाही ते शेजारच्या पोर्तुगालमध्ये शिरले. तिथल्या राजाने माणशी रक्कम घेऊन काही महिने राहण्याची परवानगी दिली होती.

गार्सियाचे आई-वडील अशाच लोकांपैकी होते. वडील फर्नांदो द ओर्ता आणि आई लिओनोर गोमेश, दोघंही स्पेनच्या सरहद्दीलगतच्या गावांतले. ते पोर्तुगालच्या कास्तेलो द व्हिदे या डोंगरावरच्या गावात आले आणि छोटा व्यापार करू लागले.

पण चार-पाच वर्षांतच संकट इथेही आलं. डिसेंबर १४९६ मध्ये राजा मॅन्युएलने यहुदी आणि मुसलमान दोघांनाही पोर्तुगाल सोडण्याचा आदेश दिला. मुसलमानांना जाऊ दिलं, कारण त्यांना त्रास झाला तर मुस्लिम राज्यांतल्या ख्रिश्चनांवर त्याचा राग निघेल अशी धास्ती होती. यहुद्यांच्या मागे असं कुठलंच राज्य नव्हतं. १४९७ मध्ये आधी त्यांची मुलं हिसकावून त्यांचा बाप्तिस्मा केला गेला, मग मोठ्यांवर सक्ती झाली. देश सोडण्याचे रस्तेच बंद केले गेले. या सक्तीला विरोध करणारे ख्रिस्ती धर्मगुरूही होते. बिशप फर्नांदो कुतिन्यू यांनी तर लोकांना केसांना धरून ओढत नेलेलं पाहिल्याची साक्ष लिहून ठेवली. पण राजाचा हुकूम मोडायची त्यांचीही ताकद नव्हती.

अशा रीतीने सगळे एका फटक्यात 'नवख्रिस्ती' झाले. १५०६ मध्ये लिस्बन शहरात जमावाने अशाच नवख्रिस्त्यांवर हल्ला करून मोठी कत्तल केली. त्याच्या काही वर्षं आधी, साधारण १५०१ च्या सुमारास, कास्तेलो द व्हिदेमध्ये गार्सियाचा जन्म झाला होता. जन्मताच बाप्तिस्मा, नाव ख्रिस्ती, आणि घरात मात्र आई-वडिलांचा जुना दीन कुजबुजत्या आवाजात जिवंत.

शिक्षण आणि निसटणं

मुलगा हुशार होता. वडिलांनी त्याला स्पेनमधल्या सालामांका आणि आल्काला द एनारेस या विद्यापीठांत पाठवलं. ज्या देशाने आई-वडिलांना हाकललं, त्याच देशात मुलगा शिकायला गेला. तिथे त्याने तत्त्वज्ञान आणि वैद्यक शिकलं.

त्या काळात युरोपातल्या वैद्यकाच्या अभ्यासक्रमात यूनानी जालिनूस, म्हणजे गॅलन, आणि त्याच्या बरोबरीने इब्न सिना, अर-राझी हे आपले हकीम शिकवले जात. लॅटिन भाषांतरांतून त्यांच्या किताबी विद्यार्थ्यांच्या हातात असत. गार्सियाची इस्लामी इल्मशी पहिली ओळख अशी झाली, दख्खनमध्ये पाय ठेवण्याच्या किती तरी आधी.

१५२३ मध्ये तो गावी परतला. १५२६ मध्ये त्याला वैद्यकीचा परवाना मिळाला. पुढे लिस्बनला गेला आणि १५३० पासून तिथल्या विद्यापीठात शिकवू लागला. पण हवा पुन्हा बिघडत होती. १५३१ पासूनच पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन आणण्याच्या हालचाली सुरू झाल्या होत्या. नवख्रिस्त्यांना देश सोडायला बंदी होती.

अशा वेळी बाहेर पडायचा एकच इज्जतदार रस्ता होता, तो म्हणजे राजाच्या चाकरीचा. मार्टिम अफोन्सो द सोझा नावाचा सरदार हिंदुस्थानच्या आरमाराचा प्रमुख म्हणून निघाला होता. त्याचा खासगी वैद्य म्हणून मार्च १५३४ मध्ये गार्सिया जहाजात चढला. दोन वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. तोपर्यंत तो गोव्यात पोहोचला होता. पोर्तुगालला तो पुन्हा कधीच परतला नाही.

गोवा आणि निजामशाहचा दरबार

सुरुवातीची काही वर्षं तो सोझाबरोबर कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावर फिरला. वसई गुजरातच्या सुलतान बहादूरशाहकडून पोर्तुगीजांकडे गेली तो काळ त्याने जवळून पाहिला. १५३८ च्या सुमारास तो गोव्यात स्थायिक झाला. मोठं घर, त्यामागे औषधी झाडांची बाग, दारात रुग्णांची रांग. व्हाइसरॉयपासून सामान्य खलाशापर्यंत सगळे त्याच्याकडे येत. शिवाय मसाले, औषधं आणि जवाहिर यांचा व्यापारही जोरात होता.

याच काळात अहमदनगरचा (आजचं अहिल्यानगर) सुलतान बुरहान निजामशाह याच्याशी त्याचा संबंध जुळला. बुरहान लहानपणीच तख्तावर बसला होता आणि १५५३ मध्ये त्याचा इंतकाल होईपर्यंत त्याने राज्य केलं. इल्मची कदर करणारा हा सुलतान. इराणहून आलेले मोठे आलिम शाह ताहिर त्याच्याच दरबारात होते.

गार्सियाने पुढे आपल्या किताबात या सुलतानाचा उल्लेख पुन्हा पुन्हा केला आहे, आणि तोही मित्राच्या नात्याने. सुलतान त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवायचा, तो सुलतानाला लॅटिन नावं सांगायचा. दरबारातल्या हकीमांशी त्याच्या चर्चा व्हायच्या. कुठलं औषध इराणहून येतं, कुठलं चीनहून, असली कुठलं आणि बनावट कुठलं, हे तो त्यांना विचारून पडताळून पाहायचा. सुलतानाने कायम दरबारी राहण्यासाठी त्याच्यापुढे मोठी रक्कम ठेवली होती, पण त्याने गोवा सोडला नाही.

ज्या मुलाला युरोपात आपल्या बापजाद्यांच्या दीनचं नावही मोठ्याने घेता येत नव्हतं, त्याच्याशी हजारो कोसांवर एक मुस्लिम सुलतान बरोबरीच्या नात्याने बसून इल्मवर बोलत होता. निजामशाही काही फरिश्त्यांचं राज्य नव्हतं, लढाया आणि कारस्थानं तिथेही होती. पण तबीबाला त्याच्या रक्ताबद्दल कोणी विचारत नव्हतं.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोकणात, आजच्या रायगडच्या गावागावांत, बेने इस्रायल पिढ्यान्पिढ्या राहत आले. तेल गाळायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांचा शनिवार सगळ्या गावाला माहीत होता. त्याच किनाऱ्यावर पोर्तुगीज अमलातल्या नवख्रिस्त्याला मात्र शनिवार पाळायचा तर दार लावून घ्यावं लागे.

मुंबईचा पट्टेदार

१५५४-५५ च्या सुमारास व्हाइसरॉयने गार्सियाला मुंबई बेट पट्ट्याने दिलं. वर्षाचा खंड होता सुमारे १,४०० पारदाव. तेव्हाची मुंबई म्हणजे नारळाच्या वाड्या, भातखाचरं आणि कोळीवाडे. आज जिथे एशियाटिक सोसायटीची पांढऱ्या खांबांची इमारत आहे, तिच्या मागच्या बाजूला त्याचा वाडा होता असं मानलं जातं. पुढे इंग्रजांचा बॉम्बे कॅसल त्याच जागी उभा राहिला. आपल्या मुंबईतल्या वाडीत वर्षातून दोनदा फळणारा आंबा आहे, हे त्याने मोठ्या कौतुकाने लिहून ठेवलं आहे.

१५६३ ची किताब

गोव्यात छपाईचा कारखाना १५५६ मध्ये आला. १० एप्रिल १५६३ रोजी त्याच शहरात गार्सियाची किताब छापून झाली. नाव लांबलचक होतं, पण थोडक्यात सांगायचं तर हिंदुस्थानातल्या वनौषधी आणि औषधांवरचे संवाद. भारतात छापल्या गेलेल्या सर्वांत जुन्या पुस्तकांपैकी हे एक. पोर्तुगीजांचा सर्वांत मोठा कवी लुईश द कामोंइश तेव्हा गोव्यात होता, आणि त्याची छापली गेलेली पहिली कविता याच किताबात आहे.

किताब लॅटिनमध्ये नाही तर साध्या पोर्तुगीजमध्ये लिहिली, म्हणजे व्यापारी आणि खलाशांनाही वाचता यावी. रचना गप्पांची आहे. युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा एक काल्पनिक वैद्य प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरं देतो. रुआनोचा भरवसा जुन्या ग्रंथांवर, ओर्ताचा डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवर. युरोपात असतो तर जालिनूसविरुद्ध बोलण्याची हिंमत झाली नसती, इथे मात्र खरं ते बोलतो, अशा अर्थाची कबुली तो देतो. मध्येच अंतोनिया नावाची दासी झाडपाला किंवा फळ आणून समोर ठेवते.

पन्नासहून अधिक संवाद आहेत. वेलची, लवंग, मिरी, आलं, कापूर, अफू, धोत्रा, नारळ, विडा, हिरे, हस्तिदंत असे किती तरी विषय. आपल्या घरच्या मसाल्याच्या डब्यातलं जवळजवळ सगळं त्यात सापडतं. मौज म्हणजे त्यात आपले शब्दही भेटतात. हळदीला इथले लोक काय म्हणतात, फणसाला काय म्हणतात, हे तो कानाने ऐकून लिहितो. चिंचेचं युरोपी नाव अरबी 'तमर हिंदी' वरून, म्हणजे हिंदच्या खजुरावरून आलं, पण चिंचेचा खजुराशी काही संबंध नाही, हे तो नीट समजावतो. हिंगाचा वास त्याला सहन होत नाही, तरी इथली माणसं भाजीत ती आवडीने घालतात हे तो नमूद करतो.

सर्वांत महत्त्वाचा संवाद कॉलऱ्यावरचा. आशियातल्या या रोगाचं इतकं नेमकं वर्णन त्याआधी कोणा युरोपीय वैद्याने छापलं नव्हतं. ताकद झपाट्याने जाणं, नाडी मंद पडणं, थंड घाम, डोळे खोल जाणं, पायांत पेटके. इथले लोक या रोगाला जे म्हणत तो शब्द म्हणजे आपली 'मोडशी', आणि अरबी शब्द म्हणजे आपला 'हैजा'. दोन्ही शब्द त्याने लिहून ठेवले. आपल्या घरांत हे दोन्ही शब्द अजूनही माहीत आहेत.

दख्खनच्या सुलतानांच्या पदव्यांचा अर्थ काय, बहमनी राज्य फुटून पाच शाह्या कशा झाल्या, हेही त्याने सांगितलं. म्हणजे ही औषधांची किताब असली तरी आपल्या मुलुखाची एक खिडकीही आहे.

१५६४ मध्ये क्लूसियस या नावाजलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला लिस्बनमध्ये ही किताब मिळाली. त्याने लॅटिनमध्ये तिचा सारांश करून १५६७ मध्ये अँटवर्पला छापला. युरोपभर ओर्ताचं नाव झालं ते या सारांशामुळे. मात्र सारांश करताना गप्पांची रचना गेली, आणि सुलतान, हकीम, बाजार यांच्या बऱ्याच हकीकतीही गळून पडल्या.

बंद दाराआडचं आयुष्य

वरून सगळं छान दिसत होतं. आत मात्र भीती होती. १५४३ मध्ये गोव्यातच जेरोनिमो दियश नावाच्या नवख्रिस्ती वैद्यावर छुपा यहुदी असल्याचा आरोप ठेवून त्याला ठार केलं आणि जाळलं. तेव्हा गोव्यात इन्क्विझिशनही नव्हतं. गव्हर्नर होता तोच मार्टिम अफोन्सो द सोझा, गार्सियाचा आश्रयदाता. मालकाची मर्जी माणसाला कुठवर वाचवते, हे गार्सियाला त्या दिवशी कळलं असणार.

१५४७ मध्ये पोर्तुगालमध्ये त्याच्या घरच्या बायकांना इन्क्विझिशनने पकडलं. सुटका झाल्यावर आई आणि बहिणी गोव्याला त्याच्याकडे आल्या. त्याचं स्वतःचं लग्न ब्रियांदा द सोलिश या नवख्रिस्ती घराण्यातल्या मुलीशी झालं होतं. दोन मुली झाल्या, पण संसार फारसा सुखाचा नव्हता.

१५५७ मध्ये कोचीनमध्ये नवख्रिस्ती कुटुंबांची धरपकड झाली. मिशनरी फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्येच पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यात इन्क्विझिशन आणण्याची मागणी केली होती. अखेर १५६० मध्ये ते आलं. मुख्य अधिकारी होता आलेशो दियश फालकाँ. गार्सियाच्या किताबीच्या पहिल्या पानावर परवानगी देणारा म्हणून याच माणसाचं नाव छापलेलं आहे. किताबीत गार्सिया कुठेही आपला दीन उघड करत नाही. मुसलमानांचा उल्लेख तो पोर्तुगीजांच्या रिवाजाप्रमाणे 'मूर' म्हणून करतो, कधी कधी प्रतिस्पर्धी म्हणूनही. चांगल्या ख्रिस्त्याने बोलावं तसंच बोलतो. त्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

मेल्यानंतरची शिक्षा

१५६८ मध्ये गार्सिया गोव्यात मरण पावला. साठीच्या पुढचं वय, मोठं नाव, ख्रिस्ती पद्धतीने दफन. त्याच्यापुरतं प्रकरण मिटलं असं वाटलं असेल. पण तो होता तोवर जी ढाल होती ती आता गेली होती.

लगोलग बहीण कातारिना पकडली गेली. तिचा नवरा, म्हणजे गार्सियाचा मेहुणा, यानेही धर्मन्यायालयापुढे तोंड उघडलं. गार्सिया हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्या शरीअतलाच खरं मानत होता, शनिवार पाळत होता, असं त्याच्या जबानीतून पुढे आलं. कातारिनाने छळाखाली स्वतःबद्दल आणि भावाबद्दल कबुली दिली. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जाळण्यात आलं.

एवढ्यावर भागलं नाही. १५८० मध्ये, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, गार्सिया द ओर्ताला दोषी ठरवलं गेलं. त्याची कबर उकरली, हाडं बाहेर काढली आणि जाहीर समारंभात जाळली. ज्याच्या किताबीवर धर्मन्यायालयाच्या अधिकाऱ्याचं नाव होतं, त्याची कबरही शिल्लक ठेवली नाही.

साडेतीनशे वर्षांनी कळलेलं सत्य

ही हकीकत फार काळ कोणालाच माहीत नव्हती. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालमधल्या काउंट फिकाल्यू या अभ्यासकाने ओर्ताचं मोठं चरित्र लिहिलं आणि किताबीची सुंदर आवृत्ती काढली, पण कुटुंबाचं काय झालं हे त्याला कळलं नव्हतं. गोव्याचं इन्क्विझिशन १८१२ मध्ये बंद झालं आणि तिथलं बहुतेक दफ्तर नष्ट झालं. पण लिस्बनमध्ये काही कागद उरले होते. १९३४ मध्ये ऑगुस्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यू या वैद्यकाच्या इतिहासकाराने ते शोधून छापले, तेव्हा बहीण, मेहुणा आणि उकरलेली कबर ही सगळी गोष्ट जगापुढे आली. नंतर रेव्हाँ यांच्यासारख्या अभ्यासकांनी घराण्याची आणखी माहिती जमवली.

या कागदांचा अभ्यास करणाऱ्यांपुढे एक अडचण नेहमी असते. छळ करून घेतलेली कबुली कितपत खरी मानायची? ज्याला जीव वाचवायचा आहे तो काय वाटेल ते बोलतो. म्हणून इतिहासकार एका जबानीवर विसंबत नाहीत. वेगवेगळ्या माणसांच्या जबान्या, जुने खटले, कुटुंबाचा प्रवास हे सगळं जुळवून पाहतात. गार्सियाच्या बाबतीत ते जुळवल्यावर बहुतेकांचं मत असं झालं की तो मनाने यहुदीच राहिला होता. पण एखाद्याच्या दिलात नेमकं काय होतं, ते शेवटी अल्लाहलाच ठाऊक.

आज ही गोष्ट का वाचायची?

पणजीत नगरपालिकेच्या बागेला त्याचं नाव आहे. पोर्तुगालने १९७१ च्या २० एस्कुदोच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं. ज्या राज्याने हाडं जाळली, त्याच देशाने पुढे नोटेवर चेहरा छापला.

गार्सियाला देवमाणूस करायची गरज नाही. त्याच्या घरात गुलाम होते, ज्या सत्तेने १५१० मध्ये गोव्यातल्या मुसलमानांची कत्तल केली त्याच सत्तेखाली त्याची भरभराट झाली. आणि ही गोष्ट आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांविरुद्ध वापरण्यासाठीही नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनखाली सर्वांत जास्त भरडले गेले ते इथलेच नवे ख्रिस्ती, ज्यांच्यावर जुने हिंदू रिवाज पाळल्याचा किंवा इस्लामकडे वळल्याचा संशय होता.

घ्यायचं ते एवढंच. सक्तीने माणसाची जीभ बदलते, दिल बदलत नाही. दीनच्या बाबतीत जबरदस्ती नाही हे तत्त्व आपल्याला लहानपणापासून मदरशात शिकवलं जातं. ते फक्त दुसऱ्यांनी आपल्याशी कसं वागावं यासाठी नाही, आपल्या हातात बहुमत आणि सत्ता असेल तेव्हा आपण कसं वागावं यासाठीही आहे. आणि शेजाऱ्याच्या ताटात काय आहे, त्याच्या घरात कोणत्या दिवशी चूल पेटते, त्याचं रक्त कुठलं, याची चौकशी सुरू झाली की ती कुठे थांबते? पोर्तुगीजांच्या गोव्यात ती कबरीपर्यंत गेली.

पुढच्या वेळी घरात कोणाचं पोट बिघडलं आणि दादीने मोडशी झाली असं म्हटलं, तर मुलांना या हकीमाची गोष्ट जरूर सांगा. हा शब्द त्याने आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकला होता आणि साडेचारशे वर्षांपूर्वी छापून ठेवला होता.